अक्षतांचा बार

"आई, मामाजीच्या घरची बंदूक कोणत्या कपाटात राहाते वो?"

भंडाऱ्याच्या गांधी चौकातून वळताना मागच्या सीटवरून तेजस्विनीनं हे इतक्या सहज विचारलं, की शोभाचा हात आपोआप ब्रेकवर गेला. स्कूटी थांबली. मागचा सायकलवाला अंगावर येता येता राहिला, "ओ बाई, झोपल्या का?" म्हणून ओरडला आणि हँडलला अडकवलेल्या पिशवीतली लिंबं रस्त्यावर घरंगळत गेली. शोभानं ती उचलली नाहीत. भर उन्हात, मागे हॉर्न वाजत असताना ती पाय जमिनीला टेकवून नुसती बसून राहिली. वैताग आला की तिच्या कानशिलातली एक शीर उडायची, ती उडायला लागली. मामेबहिणीचं लग्न तोंडावर आलेलं. पोरीनं काय विचारावं? कोणता ड्रेस घालू विचारावं, मेंदीवाली कधी येणार विचारावं. आणि ही विचारते, बंदूक कुठं ठेवतात. "काहून? चोरतं का?" शोभा म्हणाली. "चोरत नाई," तेजस्विनी शांतपणे म्हणाली, "चाबी कोणापाशी राहाते, तेवढं माहीत पाहिजे. ज्योत्सना विचारून राहिली होती." हा शांतपणाच शोभाला सर्वात जास्त झोंबायचा. आदळआपट करणारी पोर परवडली. ही मुलं हल्ली आदळआपट करत नाहीत, मीटिंग घेतात.

आणि मीटिंग कुठं, तर शोभाच्याच घरी. टिकारामच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, वडिलांच्या वेळी समोरच्या लांब खोलीत हातमाग होते. माग गेले, आता तिथं साड्यांचे गठ्ठे असतात, आणि त्या गठ्ठ्यांवर अकरावी-बारावीची ही पोरं, बहुतेक साकोलीकडच्या गावांतून शिकायला आलेली, मांडी घालून बसतात. दारात चपलांचा ढीग. चहा शोभानं करायचा. कप धुवायला मात्र कोणी थांबत नाही, कारण सगळ्यांना क्लास असतो. विषय एकच, बार बंद. साकोलीकडच्या काही जुन्या घरांत रीत आहे, शेवटचं मंगलाष्टक संपलं की मुलीच्या बापानं अंगणात येऊन बंदुकीचा बार काढायचा. पूर्वी माइक नव्हता, मांडवाबाहेर चिंचेखाली, रस्त्यावर, पार तलावाच्या पाळीपर्यंत बसलेल्या माणसांना 'सावधान' ऐकू जायचं नाही. बार ऐकला की सगळ्यांनी एकदम अक्षता टाकायच्या. आता गावोगाव छाती हादरेल असे साउंड लागतात, तरी बार आहेच. तो मान झाला आहे. कोणाच्या घरी निघतो आणि कोणाच्या घरी निघत नाही, यावरून घराची उंची मोजतात. शोभाला हे सगळं माहीत होतं, त्यात तिला आजवर काही वाईट दिसलं नव्हतं आणि ते तिला गठ्ठ्यावर बसलेल्या एका पोरानं फळ्यावर खडूनं समजावून सांगावं, याचा तिला संताप येत होता.

पोरांनी युक्ती मात्र अशी काढली होती की टिकारामसुद्धा ऐकून हसला. गावाकडं पंगत वाढायला केटरर नसतो. शाळेतली मुलं-मुली वाढतात. त्यांना कोणी आमंत्रण देत नाही, पैसे देत नाही. लग्नघरी अक्षता पडल्या की ती कमरेला दुपट्टे बांधून येतात आणि भात, वरण, वांग्याची भाजी, बुंदी घेऊन रांगेत उभी राहतात. ज्याच्या मांडवात पोरं वाढायला आली नाहीत, त्यानं गावाशी वाकडं घेतलं असं समजायचं. मग या पोरांनी ठरवलं, ज्या मांडवात बार निघेल, त्या मांडवात बकेट खाली. खाली म्हणजे खाली, जमिनीवर ठेवायची आणि बाजूला व्हायचं. भांडायचं नाही, बोलायचं नाही. एकोडीला एका लग्नात त्यांनी खरंच तसं केलं. पहिली पंगत पानं मांडून बसलेली आणि वाढायला कोणी नाही. शेवटी नवरीच्या काकांनी घामाघूम होऊन वरण वाढलं, ते निम्मं पाहुण्यांच्या धोतरांवर. ही गोष्ट पुढच्या बाजाराच्या दिवसापर्यंत तालुकाभर झाली. लाखांदूरच्या एसटीत कंडक्टर सांगत होता म्हणे. पोरांना केवढा आनंद! शोभाच्या मात्र त्या काकांचं तोंडच डोळ्यापुढं येत राहिलं.

ज्योत्सना मूळची सानगडीची, म्हणजे शोभाच्या माहेरच्या गावची. मुरारीची मुलगी. मुरारी गावच्या तलावात जाळं टाकतो. शोभा लहान होती तेव्हा त्याची आई रेवताबाई टोपलीत झिंगे घेऊन दारात यायची. गेल्या वर्षी गावातल्या एका लग्नात ही पोर शेजारच्या घराच्या स्लॅबवर, गच्चीवर, उभी राहून वरात पाहत होती. खाली कोणा पाहुण्यानं बार काढला, नळी जरा तिरकी झाली, आणि छर्रा हिच्या डाव्या डोळ्यात. डोळा गेला. आणि गावानं एकमतानं ठरवलं, फटाका होता. डॉक्टरला फटाका सांगितलं, पोलिसाला फटाका सांगितलं, मुरारीनंही मान खाली घालून फटाकाच सांगितलं, कारण तलावाचा ठेका गावाच्या हातात आहे. मग पोरीला भंडाऱ्याला वसतिगृहात आणून टाकलं, ती तेजस्विनीच्या बाकावर आली आणि तिथून हे सगळं सुरू झालं. शोभाला तिच्याकडं बघताना त्रास व्हायचा. एक डोळा काचेचा, तो हलत नाही. बोलताना नेमकं कोणत्या डोळ्याकडं बघावं कळत नाही, म्हणून शोभा तिच्या कपाळाकडं बघून बोलायची. बरं, पोर दुःखी असती तर निदान जवळ घेता आली असती. ही खदखदा हसते, चहात तीन चमचे साखर घालून घेते, गठ्ठ्यावर पाय हलवत बसते आणि म्हणते, "मामीजी, तुमच्या भावानं एकवेळ बार नाई काढला ना, तं अख्ख्या तालुक्यातले बार बंद होते पाहा." मामीजी! कुठून लागली ही हिची मामी? गावच्या नात्यानं आत्या तरी म्हण. पण तेजस्विनीनं सांगितलं म्हणे, आईला मामीजी म्हणत जा.

मुरारी एकदा मुलीला भेटायला आला तेव्हा केळीच्या पानात गुंडाळून मरळ मासा घेऊन शोभाच्या दारात उभा राहिला. आत ये म्हटलं तरी येईना. "ताई, पोरीले समजवा," तो म्हणाला. "मले गावात राहाचं आहे. गेला तो डोळा गेला. आता कायले?" शोभा म्हणाली, "मी का समजावू? माही पोरगी माह्या हातात आहे का?" तो म्हणाला, "तुमच्या भावाची नव्हती बा ती बंदूक. लक्ष्मणराव चांगला माणूस आहे." मग गमछ्यानं तोंड पुसत, दुसरीकडं बघत म्हणाला, "पण त्या दिवसापासून मले सारेच बार एकसारखे ऐकू येते." आणि निघून गेला. मासा शोभाच्या हातात. तिला वाटलं, सगळे येऊन आपापलं ओझं माझ्याच हातात का देऊन जातात? बाप म्हणतो पोरीला आवरा. पोरगी म्हणते भावाला आवरा. भाऊ फोन करून म्हणतो पोट्ट्यांना आवर. हेडमास्तर म्हणतात उपक्रम फार छान आहे, फक्त शाळेचं नाव घेऊ नका. आणि टिकाराम, ज्याच्या घरात हे सगळं चाललंय, तो गठ्ठ्याची दोरी दातात धरून म्हणतो, "तू पाहून घेजो." पाहून घ्यायला ती काय तहसीलदार आहे?

लक्ष्मणदादाचा फोन यायचा सकाळी, ऐन भाजी फोडणीला टाकताना. "शोभे, तुह्या पोरीले समजव. माह्या दारात तमाशा झाला तं पाहाजो मंग." दादा तिच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. वडील गेले ते भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा फुटला त्याच वर्षी. तेव्हा वडिलांच्या बंदुकीचा परवाना आपल्या नावावर करून घ्यायला तो सानगडीहून भंडाऱ्याला चकरा मारायचा आणि शोभाकडं उतरायचा. कचेरीत कोणालाच कळत नव्हतं कोणतं कपाट गोंदियाला गेलं आणि कोणतं इथं राहिलं. मंगलावहिनीचं माहेर अर्जुनीचं, ते गोंदियात गेलं, त्यामुळं वहिनी अजून कशावरून चिडली की 'तुमच्या जिल्ह्यात असंच' म्हणते. त्या चकरांत दादा रात्रीचा जेवायला बसला की म्हणायचा, बंदूक काही शिकारीसाठी नाही पाहिजे मला. रानडुकरं धान लोळवतात ते खरं, पण एक आवाज केला की पळतात. मला पाहिजे, कारण बाबांनी तुझ्या लग्नात बार काढला होता. माझ्या पोरीच्या लग्नात मी काढीन. तेव्हा रंजिता रांगत होती. शोभाला त्या वेळी भरून आलं होतं, तिनं त्याला आग्रहानं आणखी एक पोळी वाढली होती.

आणि खरं सांगायचं तर तिला स्वतःच्या लग्नातलं दुसरं काही आठवतच नाही. टिकारामचा चेहरा नाही, भटजी नाही, आईचं रडणं नाही. आठवतो तो बार. मुंडावळ्यांच्या झिरमिळ्यांतून पलीकडं वडील दिसले होते, पांढरा सदरा, बंदूक खांद्याला. मग आवाज, इतका जवळ की तो ऐकू आलाच नाही, नुसता छातीत लागला. कान बंद झाले. चिंचेवरचे सगळे बगळे एकदम उठले आणि त्यांच्या पंखांचाही आवाज नाही. लोकांची तोंडं हलत होती, अक्षता अंगावर पडत होत्या, बंदुकीच्या दारूचा जळका, गोड वास. त्या बंद कानांत ती फार सुखात होती. वाटलं, एवढा मोठा आवाज आपल्यासाठी. सानगडीत कोणाच्या पोरीसाठी एवढा आवाज झाला? ज्या आवाजानं आपल्याला एवढं सुख दिलं, त्याच आवाजानं त्या पोरीचा डोळा गेला, हे दोन्ही एका डोक्यात ठेवायचं म्हणजे डोकं फुटायची पाळी. एखादं सुख असं कोणी मागून परत घेतं का? तुझ्या लग्नातला बार चूक होता असं आता, इतक्या वर्षांनी, फळ्यावर लिहून दाखवायचं? शोभा रात्री कूस बदलायची आणि तिला तेजस्विनीचा राग यायचा, मग ज्योत्सनाचा, मग दादाचा. शेवटी कोणाचा राग आलाय हेच कळेनासं व्हायचं आणि ती उठून पाणी प्यायची.

वैतागूनच तिनं तो तोडगा काढला. चांगुलपणा वगैरे काही नाही, नुसतं तोंड बंद व्हावं सगळ्यांचं म्हणून. तिनं दादाला फोन लावला आणि म्हणाली, "तू बंदूक कपाटाबाहेर काढू नको. पोट्टे गुमान वाढतीन, माही गॅरंटी." दादा म्हणाला, "माह्या बापाची रीत आहे ते." "माहाही बाप होता तो," शोभा म्हणाली. "बरं," दादा म्हणाला, "तुह्या शब्दावर. पण मंग एकही बकेट खाली गेली नाई पाहिजे, सांगून ठेवतो. रंजीच्या सासरच्यांसमोर माही फजिती झाली, तं तुले माहेर नाई समज." मग तिनं तेजस्विनीला समोर बसवलं. "मामाजी बार नाई काढत. मी शब्द घेतला. आता गुमान वाढाचं, मीटिंग नाई, फळा नाई." तेजस्विनीनं आईकडं असं बघितलं, जसं बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं. "नक्की ना आई? तू सांगून राहिली म्हणून आम्ही वाढतो. बंदूक निघाली तं मी तुह्याशी बोलणार नाई. कधीच." शोभाला हसू आलं नाही. पोर शांतपणे बोलली होती. म्हणजे आता एकीकडं माहेर आणि एकीकडं पोर, आणि मध्ये शोभाची जीभ. बसल्याजागी एवढं सगळं पणाला कोणी लावतं का? तिनं लावलं होतं, भाजी करपायच्या आत.

लग्नाच्या दिवशी सानगडीला ऊन असं होतं की मांडवाचं हिरवं कापडसुद्धा तापलं होतं. वरात अर्जुनीहून आली, नवरदेव नीलेश घामानं निथळत घोड्यावरून उतरला, आणि शोभानं आल्यापासून एकच केलं, दादाचे हात बघितले. विहीणभेट झाली तेव्हा, पाय धुतले तेव्हा, अंतरपाट धरला तेव्हा. मंगलाष्टकं सुरू झाली तसा दादा मुलीच्या मागं उभा राहिला, आणि त्याला हात कुठं ठेवावे कळेना. पाठीशी धरले, मग पोटावर बांधले, मग सोडले. आयुष्यभर या क्षणासाठी त्यानं हातांना एक काम देऊन ठेवलं होतं, ते काम शोभानं काढून घेतलं होतं, आणि आता ते हात बिचारे लोंबत होते. तिला त्याची एवढी दया आली की वाटलं जाऊन धरावे. मांडवाच्या कडेला पोरं रांगेत तयार. तेजस्विनीच्या हातात भाताचं पातेलं, पहिल्या नंबरला ज्योत्सना, वरणाची बकेट घेऊन, दुपट्टा कमरेला कसलेला. पहिल्या पंगतीची माणसं चिंचेखाली पत्रावळींसमोर बसूनच अक्षता टाकणार होती, वेळ वाचावा म्हणून. भटजीनं शेवटचं 'सावधान' लांबवलं. अक्षता उडाल्या. बँड सुरू झाला. सुटलो, असं शोभाला वाटलं, आणि त्याच वेळी मांडवाच्या मागं धडाड झालं.

तिनं आधी दादाचे हात बघितले. रिकामे होते. अक्षतांचे दोन-चार पिवळे दाणे चिकटलेले, बाकी रिकामे. फटाका होता. नवरदेवाच्या मित्रांनी मागं सुतळी बॉम्ब लावला होता, त्यांना कोण काय सांगणार, ते त्या जिल्ह्यातले. हे सगळं तिला कळायला एक श्वास लागला असेल. तेवढ्यात लोखंड आपटल्याचा आवाज झाला. ज्योत्सनाच्या हातातून बकेट सुटली होती. तिनं ठेवली नव्हती, शोभानं डोळ्यांनी पाहिलं, ती सुटली. पोर दोन्ही हातांनी तोंड झाकून खाली बसली होती आणि वरण पिवळं, वाफाळतं सतरंजीवर पसरत चाललं होतं. पण मागच्या पोरांना ते कुठं दिसलं? त्यांचं ठरलेलं होतं, ज्योत्सनाची बकेट खाली गेली की सगळ्यांची खाली. भाजीची गेली. बुंदीची गेली. तेजस्विनीनं भाताचं पातेलं खाली ठेवलं, सरळ उभी राहिली आणि गर्दीतून आईला शोधून तिच्याकडं बघितलं. ती नजर शोभाला सहन झाली नाही. अगं फटाका होता, असं तिला ओरडायचं होतं, पण बँड वाजत होता. ज्या गावानं बंदुकीला फटाका म्हटलं त्याच गावात आता फटाक्याला कोणी फटाका म्हणत नव्हतं. याला हसावं की आपलं डोकं आपटून घ्यावं, तिला कळेना.

बँड थांबला. चिंचेखाली पंगत कोऱ्या पत्रावळींसमोर बसलेली. नवरदेवाचे वडील इकडंतिकडं बघत म्हणाले, "का झालं बा? वाढत काहून नाई?" कोणीतरी हसलं. एकोडीची गोष्ट अर्जुनीपर्यंतही गेली होतीच. दादाचं तोंड काळंठिक्कर पडलं. तो शोभासमोर आला आणि हळूच म्हणाला, "पाहा. पाहा, शोभे. मी शब्द पाळला." ओरडला असता तर बरं झालं असतं. मग तो घरात गेला. शोभा त्याच्या मागं धावली. "दादा, फटाका होता. पोरगी दचकली. तिच्या हातून सुटली रे." "मले माहीत नाई का फटाका होता!" आता तो ओरडला. "साऱ्या मांडवाले माहीत आहे! न काढता नाव आलं ना माह्यावर? मंग काढतोच. मंगला, चाबी." वहिनीनं पदराची गाठ सोडली. सोडताना एकदा शोभाकडं बघितलं, त्या बघण्यात राग होता का विनवणी होती कोण जाणे. आणि चावी दिली. लोखंडी कपाट करकरलं. जुन्या साड्यांमागून बंदूक निघाली, एकनळी, दस्त्याला फडकं गुंडाळलेली. दादानं काडतूस भरलं. हातांना त्यांचं काम मिळालं होतं.

तो ओट्यावर आला आणि त्यानं नळी वर केली, आणि ती तशीच राहिली. घराच्याच स्लॅबवर पोरं उभी होती. कधी चढली, कोणत्या जिन्यानं चढली देव जाणे. कठड्याला लागून, खांद्याला खांदा. मध्ये तेजस्विनी, तिच्या शेजारी ज्योत्सना, ओढणीवर वरणाचे डाग. हे त्यांनी शोभाला कधी सांगितलं नव्हतं. चहा तिनं केला, कप तिनं धुतले, आणि हे मात्र सांगितलं नाही. "खाली उतरा बे!" दादा गरजला. कोणी हललं नाही. ज्योत्सना पुढं वाकून म्हणाली, "मामाजी, बकेट माह्या हातून सुटली. चुकलं माह्यं, सगळ्यांसमोर सांगतो, पाया पडतो तुमच्या. पण बार काढाचा असन तं आम्ही उतरत नाई." तिचा आवाज चिरकला. हसणारी पोर, तिचा आवाज असा असेल असं शोभाला वाटलं नव्हतं. दादानं नळी डावीकडं नेली. शेजारच्या स्लॅबवर गावातल्या बायका लेकरं कडेवर घेऊन वरात बघत होत्या, त्या किंचाळून खाली बसल्या. उजवीकडं चिंच, तिच्या फांदीवर पोरं. मागं तलावाची पाळ, तिथं गर्दीपासून दूर, एकटा मुरारी उभा. दादा ओट्यावर गोल फिरला. जागच्या जागी, नळी वर धरून, कपाळावरून घाम ओघळतोय, एवढ्या मोठ्या आभाळात एक तुकडा शोधत. एका वेळेला तो थांबला, शोभाला वाटलं सापडली जागा, तिनं डोळे मिटून घेतले. काहीच झालं नाही. डोळे उघडले तेव्हा दादा तिच्याकडं बघत होता. "बाबांच्या वक्ती आपल्याही घराले स्लॅब नव्हता," तो म्हणाला. "कोणाच्याच घराले नव्हता. कुठं काढू वो, शोभे? तूच सांग."

मग दादानं बंदूक खाली घेतली आणि एखाद्यानं पोर सांभाळायला द्यावं तशी तिच्या हातात दिली. "धर. घोड्याले हात नको लावू, भरली आहे." आणि धोतराचा सोगा खोचत तो ओट्यावरून उतरला, भाताचं पातेलं उचललं आणि चिंचेखाली जाऊन मोठ्यानं म्हणाला, "बसा बसा, उठू नका पाव्हणे, मी वाढतो." कमरेत वाकून मुलीचा बाप भात वाढायला लागला. वरून धडधड जिना वाजला, पोरं उतरत होती, कोणी बुंदी उचलली, कोणी भाजी. गावातल्या म्हाताऱ्या रंभाबाईनं पदरानं सतरंजीवरचं वरण पुसायला घेतलं.

शोभा ओट्यावर उभी राहिली. बंदूक तिनं जन्मात कधी हातात धरली नव्हती. तिला वाटलं होतं त्यापेक्षा ती किती तरी जड होती, आणि नळी उन्हानं तापली होती. कुणाला द्यावी म्हणून ती डावीकडं वळली, तर नळीसमोर रंजिता, मुंडावळ्या बांधलेली, नवऱ्याचा हात धरलेली. शोभा घाईनं दुसरीकडं फिरली, तर दारात मंगलावहिनी. पंगतीकडं वळली, तर अख्खी रांग पत्रावळी उचलून मागं सरकली आणि वाकलेला दादा तेवढा मध्ये राहिला, त्याची घामानं भिजलेली पाठ. खाली करावी, तर स्वतःचे पाय. वैताग कुठं गेला कोण जाणे. तिला भीती वाटत होती, नुसती स्वच्छ भीती, आणि बोटं दस्त्याभोवती अशी आवळली होती की आता सुटायची नाहीत. तिनं नळी वर केली. स्लॅबच्या कठड्याशी तेजस्विनी अजून उभी होती, एकटी, सगळ्यात शेवटी उतरणारी.

"आई," ती वरून म्हणाली, आणि तो नेहमीचा शांतपणा तिच्या आवाजात नव्हता, "आई, नळी दुसरीकडं कर ना वो."

"कुठं करू?" शोभा ओरडली. "कुठं करू, सांग ना तेजू!"